पट्टी वाढवून निवडून आलेल्या रशीदाभाभी

पाटसला भाचीच्या लग्नात पंगतीत वाढत होते, तेव्हा धाकट्या दिरानं बाजूला बोलावून सांगितलं, "वहिनी, रशीदाभाभी गेल्या." हातातली जिलबीची परात कुणी घेतली, आठवत नाही... घरी पोचले तर गल्लीच्या तोंडापासून माणूसच माणूस. लॉजवाले शेठ चप्पल काढून उन्हात उभे, त्यांच्या शेजारी टेकावरच्या बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या. जिनं सगळ्यांची पाणीपट्टी वाढवली, त्या बाईला निरोप द्यायला गाव असं लोटलेलं पाहून दुःखातही माझी मान ताठ झाली.

शिरूर एका बाजूला, दौंड दुसऱ्या बाजूला, मध्ये आमचं लहानसं शहर. नगरपालिकेत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, तेव्हा आमच्या गल्लीतल्या सायकल दुकानवाल्या यासीनभाईंच्या बायकोला, रशीदाभाभींना, उभं केलं गेलं. कारभार नवराच बघणार, असं सगळे धरून चालले होते. निकालानंतर एक ठेकेदार पेढे घेऊन दुकानात गेला, तर यासीनभाई पंक्चर काढता काढता म्हणाले, "मला काय इचारता? निवडून ती आलीया."

पुढच्याच पावसाळ्यात गल्लीत काविळीची साथ आली. माझी थोरली, नंदा, दवाखान्यात होती. भाभी रोज डबा आणायच्या. जुनी पाइपलाइन उघड्या गटारीतून गेलेली, गंजून तिची चाळण झालेली. नवी टाकायची, गटारी जमिनीखाली न्यायच्या, तर पालिकेकडं पैसा नव्हता. पट्टी कित्येक वर्षं कुणी वाढवली नव्हती, कारण वाढवणारा पडणार हे नक्की. एका दुपारी भाभी म्हणाल्या, "सुमन, सभेत मी पट्टी वाढवायला सांगणार हाय."

"भाभी, परत कुणी उभं न्हाई करणार तुम्हाला."

नंदाच्या कपाळावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आधी ही उभी राहू दे."

बातमी फुटली आणि त्यांच्याच दारात मोर्चा आला. पुढं आमच्या गल्लीतले भगवानमामा. "भाभी, आमच्या मतावर निवडून आलात, आन् आमच्याच पोटावर पाय?" भाभींनी सगळ्यांना पडवीत बसवलं आणि नळाचं पाणी ग्लासांत भरून आणलं. गढूळ, वास मारणारं. एकानंही ग्लास उचलला नाही.

"घ्या की मामा."

"ह्ये कसं प्यायचं, भाभी?"

"मग ह्याचे पैसे तरी का देता? मी चांगल्या पाण्याचे मागतीया. सार्वजनिक नळावरच्याला कमी, घरात नळ असलेल्याला जास्त, लॉजवाल्याला त्याहून जास्त. पैसा निराळ्या खात्यात राहील, पाइपलाइन आन् गटारीलाच लागंल. दुसरीकडं गेला, तर ह्याच दारातनं वढून काढा मला."

मामा उठून म्हणाले, "बघू," आणि मोर्चा घेऊन गेले.

सभेत ठराव जेमतेम मंजूर झाला. त्यानंतरचा उन्हाळा आम्ही दोघींनी शिव्या खात काढला. रस्ते उकरलेले, घराघरात धूळ. वसुलीची बिलं समजावून सांगायला दारोदार गेलो, की काहीजण तोंडावर कडी लावायचे. भाभी कडी वाजवत उभ्या राहायच्या. लॉजवाल्या शेठनं ओळखी लावून पाहिल्या, पण त्यांचाही दर एक पैसा कमी झाला नाही.

आणि मग ती सकाळ! टेकावर, जिथं बायकांनी जन्मभर खालून पाणी वाहून नेलं, तिथल्या नळांना काचेसारखं स्वच्छ पाणी आलं. "भाभी, आलं वो, आलं!" भगवानमामा उतारावरून ओरडत येत होते, धोतर ओलंचिंब. बायका एकमेकींना भिजवत होत्या, भाभींना तर त्यांनी नखशिखांत भिजवलं. पुढच्या निवडणुकीत जागा राखीव नव्हती, समोर दोन मातब्बर पुरुष होते. भाभी दोघांना पाडून आल्या. गुलालात न्हालेल्या यासीनभाईंनी त्यांना सायकलवर डबलसीट बसवून गावातून मिरवलं. नंदा पुढं नाचत होती.

परवा त्यांच्या चाळिसाव्याला गेले होते. ज्या बाहेरच्या खोलीत त्या लोकांचं ऐकून घ्यायच्या, तिथं आम्ही बसलो होतो. एवढ्यात पलीकडच्या आळीतली एक तरणी बाई पदर खोचून दारात आली, माणसं बघून जराशी थबकली, पण बोललीच, "कालपास्नं आमच्याकडं पाण्याला जोर न्हाई. पट्टी भरतो आमी, फुकट न्हाई मागत!"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. भाभींची सून शबनम उठली. "या, बसा. चहा घ्या, मग जाऊ पालिकेत."

"चहा मागनं. आधी चला."

शबनमनं ओढणी सावरली, पायात चपला सरकवल्या आणि दोघी भरभर निघाल्या.