दोघींत एक पोळपाट

मार्चातलं ऊन सकाळीच अंगणात उतरलं होतं. वारा पडलेला, पापडाला असाच दिवस लागतो. लताबाई पाट्यावर तेल सोडून उडदाचं पीठ वरवंट्यानं कुटत होती. आज पाळी तिच्या घरची. अमळनेरजवळच्या या गावात बाया एकमेकींकडे पाळीनं पापड लाटतात. काहीही होवो, पाळी चुकवायची नाही. पण आज वरवंटा जरा जास्तच जोरात पडत होता.

बचत गट बघायला परदेशी पाहुणे येणार, आणि त्यांच्याशी लताअक्का बोलणार, असं ठरलं होतं. जळगावला मेहरूणमध्ये दिलेली लेक नूतन रोज फोनवर शिकवायची. "आई, दोघीच असल्या तर बिटवीन. बठ्ठ्या असल्या तर अमंग." लताबाईनं ते पापडावर बसवलं. काम सगळ्यांत वाटलेलं, म्हणून 'अमंग ऑल ऑफ अस'. पोळपाट मात्र नवी नवरी होती तेव्हापासून तिच्यात आणि शेजारच्या कामिनीत एकच. म्हणून 'बिटवीन कामिनी अँड मी, वन पोळपाट'. लाटता लाटता ती घोकायची. कामिनी हसायची, "अक्का, तू ते मॅडमच व्हई गयी व!" परत ऐकायला म्हणून कामिनीनं ते आपल्या फोनमध्ये भरूनही घेतलं.

काल पाहुणे आले. लताबाई ठेवणीतलं पातळ नेसून पुढे बसलेली. गटाच्या अध्यक्ष सुंदरबाईंनी नाव पुकारलं ते दिपमालाचं, कामिनीच्या शिकलेल्या सुनेचं. दिपमाला फाडफाड बोलली. वाक्यन् वाक्य लताबाईचं. शेवटी म्हणाली, "बिटवीन कामिनी अँड मी..."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाया खाली बघू लागल्या. भरसभेत सून सासूचं नाव घेते का कुठे? पाठ केलेलं तसंच तोंडातून पडलं होतं. 'हे अक्कानं शे', अक्काचं आहे, असं एकीनंही म्हटलं नाही.

आता त्याच बाया एकेक करून ओसरीवर आल्या. कामिनी शेवटी आली, पोळपाट काखेत मारून.

"अक्का, राग उना का?"

"माले पहिले सांगती, ते मीच शिकाडती तुन्ही सूनले."

"सुंदरबाई बोलनी, शिकेल बाई बोलनी ते बरं दिखी..."

"आनि फोन? तो बी सुंदरबाईना व्हता का?"

कामिनीनं पोळपाट नेहमीसारखा दोघींच्या मध्ये ठेवला. लताबाईनं तो हळूच तिच्याच पुढ्यात सरकवला, घरातून भाकरीची परात आणून आपल्यापुढे पालथी घातली आणि हाताला तेल लावलं.

"चला व, ऊन चढी राह्यनं," म्हणत ती लाट्या तोडू लागली.