धुरपीच्या दंडावरचे दाणे

दोंडाईच्याच्या जिनात कपाशीतला कचरा वेचणाऱ्या झुंबरबाईला सगळे खमकी म्हणत. पण देवीच्या साथीत थोरला मुलगा गेल्यापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. म्हणूनच १९१२ सालच्या त्या हिवाळ्यात तिने सासूचं न ऐकता दोन वर्षांच्या धुरपीला टोचून घेतलं. देवी टोचणारे तोतारामभाऊ म्हणाले होते, "चार दिवसांत दाणे उठतील. उठले, की पोर सुटली समज."

चौथा दिवस गेला, पाचवा गेला. दंड कोरडाच.

सहाव्या दिवशी दुपारी ती जिनातून परतली आणि उंबऱ्याशीच थबकली. समोर बेबाबाईच्या घरातून फोडणीचा वास येत नव्हता. काल आला होता का? परवा? कोणी काही बोललं नव्हतं. पण देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आई जिनात असली की धुरपी खेळायची ती बेबाबाईच्याच ओट्यावर.

"आत्या, पोरना दाना काबर उठनात नही?" तिने सासूला विचारलं.

भिकुबाई जात्यावरून उठली नाही. "त्या टोचनारानी पाठ फिरनी, आनि मी दंडवरली लस ओला फडकाघाई पुशी टाकी," ती पुटपुटली. "देवीमायले राग उना ते?"

"आनि आते ती दारशी उनी शे, त्यानं काय?"

भांडत बसायला वेळ नव्हता. तोतारामभाऊ दोन कोसांवरच्या खेड्यात गेले होते. झुंबरबाई पोर कडेवर मारून निघाली, आणि तिथे पोचल्यावर मान खाली घालून खरं ते सांगून टाकलं.

"मी टोचायचं आणि तुम्ही पुसायचं!" ते कडाडले. "रजिस्टरात माझ्या नावापुढे काय लिहू, पोतेरं?" मग सुई काढता काढता आवाज उतरला. "टोचतो पुन्हा. उशीर झाला नसला म्हणजे बरं."

दंड वाळेपर्यंत ती लिंबाखाली पोरीचे दोन्ही हात धरून बसली. स्वतःचा पदरसुद्धा लागू दिला नाही.

चौथ्या दिवशी दंडावर लाल दाणे उठले. झुंबरबाईला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच थांबलं. हे टोचल्याचेच ना? की समोरच्या घरातले? तिने झबलं उतरवलं. पाठ पाहिली, पोट पाहिलं, तळवे पाहिले. कुठे काही नव्हतं.

"आखो देख," भिकुबाई म्हणाली आणि तिने पोरीला दारातल्या उन्हात धरलं.

झुंबरबाईने पुन्हा मानेपासून सुरुवात केली.