बाबा आलेले असताना हरणाचं मटण

चूक माझीच. जर्मनीत इतकी वर्षं काढली, पण कुणाला तोंडावर नाही म्हणायला मी अजून शिकलेले नाही. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे म्हातारे गृहस्थ परवाना असलेले शिकारी आहेत. जिन्यात भेटले की जंगलाच्या गोष्टी सांगतात, हरणाचं मटण हवं का विचारतात, आणि मी हातातल्या पिशव्या सावरत जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो-हो, करत राहते. आपल्याकडे असं हो-हो म्हणणं म्हणजे मोठ्या माणसाचा मान राखणं, बाकी काही नाही. त्यांनी ती ऑर्डर धरली. शनिवारी सकाळी दारात उभे, हातात हरणाची अख्खी मांडी आणि माझ्या नावाची पावती. मी पैसे दिले, आभार मानले, दार लावलं आणि तिथेच चपलांच्या स्टँडवर बसले.

कारण आतल्या खोलीत माझे बाबा चहा पीत होते. बाबा विदर्भातल्या जंगलात वनरक्षक होते, रिटायर होईपर्यंत. हरणं मारणाऱ्यांना पकडणं हीच त्यांची नोकरी. "माझ्या हातून एक कागद खोटा गेला नाही," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात रोज ऐकू यायचं. आणि त्या बाबांशी मी एकदा खोटं बोलले होते. तेही हरणावरूनच.

तेव्हा मी आठ वर्षांची असेन. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीकडे खेळायला गेले होते. तिच्या आईने परसात चुलीवर मटण शिजवलं होतं. मला वाढताना तिचा चेहरा कसनुसा झाला, पण घरी आलेल्या पोरीला उपाशी कसं ठेवणार? वास आमच्या घरच्या मटणासारखा नव्हता. जेवण झाल्यावर तिने माझे हात राखेने घासून धुतले आणि म्हणाली, "घरी सांगू नको, बाई."

दुपारी त्यांच्या दारात जीप आली. जंगलात चितळाचं कातडं सापडलं होतं आणि संशय मैत्रिणीच्या वडिलांवर होता. बाबांनी घर उलटंपालटं केलं. भांडी घासून पालथी घातलेली, चूल विझलेली. मग बाबा माझ्यापाशी आले. "इथे काही खाल्लंस?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी माझा हात धरला आणि मला घरी नेलं. वाटेत माझा तळवा क्षणभर आपल्या तोंडाशी धरला. बाबा लाड करणाऱ्यांतले नव्हते, म्हणून ते मी आयुष्यभर जपून ठेवलं. महिन्याभरात आमची बदली झाली. आई म्हणायची, चोर सापडला नाही म्हणून साहेब चिडले. म्हणजे माझ्यामुळेच की. हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

त्या शनिवारी माझा चेहरा पाहून नवऱ्याला वाटलं, मी कायद्याला घाबरतेय. "अगं, इथे दुकानातही मिळतं. फेकून दिलंस तर खालच्यांना काय सांगणार? ते विचारणारच, कसं झालं होतं." त्याचंही खरं होतं. लँबचं मटण म्हणून वाढायचं असं ठरलं. तो बाबांना घेऊन नदीकाठी फिरायला गेला.

पिशवी फोडली आणि तोच वास आला. ओल्या पाल्याचा, थोडा लोखंडी. मटण कलेजीसारखं काळपट, चरबी नावालाही नाही. खालच्यांनी सांगितलं होतं तसं ताकात भिजवलं. मग आलं-लसूण दुप्पट, कांदा-खोबऱ्याचं वाटण, वर काळा मसाला मूठभर. कशाने तरी तो वास दबेल, एवढीच आशा. खिडक्या सताड उघडल्या. कुकरची प्रत्येक शिट्टी काळजात वाजत होती. चार दिवसांनी बाबांचं विमान होतं. तेवढे चार दिवस निभावले असते तर काय बिघडलं असतं?

माझी सहा वर्षांची मुलगी ओट्याशी घुटमळत होती. तिला एक फोड चाखायला दिली. ती जर्मनमध्ये म्हणाली, "लेकर," म्हणजे मस्त, आणि आणखी दोन खाल्ल्या, हातानेच. तेवढ्यात दार उघडलं. ती पळत गेली आणि आजोबांच्या गळ्यात पडली.

बाबा दारातच थांबले. त्यांनी तिचा हात धरला आणि तळवा तोंडाशी नेला. नाकाशी. मग माझ्याकडे पाहिलं.

"पावती आहे?" त्यांनी विचारलं.

मी दिली. त्यांना जर्मन येत नाही, तरी त्यांनी ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितली. तारीख, सही, सगळं. घडी घालून परत दिली. नवरा काहीतरी सांगायला लागला, त्याला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बसा."

"बाबा, मी तेव्हा..."

"ठाऊक आहे. तुझ्या हाताला असाच वास येत होता." ते अगदी हळू बोलत होते. "केस केली असती तर साक्षीला तू उभी राहिली असतीस. काही मिळालं नाही, असं लिहून दिलं. तेवढा एक कागद खोटा गेला. मग त्या घरावरून रोज जाववेना, म्हणून बदली मीच मागून घेतली."

मी ओट्याला धरून उभी होते. लाड म्हणून जे जपलं ती झडती होती, आणि नंतर बाबांनी जे केलं त्याचा मला पत्ताच नव्हता. आता मी रडतेय की काय, म्हणून मुलगी माझ्याकडे टकामका बघत होती.

बाबांनी तिला हात धरून बेसिनपाशी आणलं.

"साबणाने धू हिचे हात," ते म्हणाले. "राखेने हा वास जात नाही."