रिपोर्ट यायच्या आधी

पाटसच्या समाजमंदिरात त्या दुपारी आमच्या बचत गटाची मीटिंग होती. दोन हजार आठ-नऊचा काळ असेल... माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, आदल्याच दिवशी मुंबईहून छातीची बायोप्सी करून आल्या होत्या. मी म्हटलं, आज पडून राहा. पण त्या पातळ नेसून निघाल्याच.

मागचं थोडं सांगते. काही वर्षांपूर्वी आत्यांच्या डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली होती. गावात मात्र आम्ही 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणून सांगितलं... तेव्हा सगळे तसंच करायचे.

मग नंतरच्या तपासणीत उजव्या बाजूला बारीकसा डाग दिसला. मॅमोग्राफीत नाही, सोनोग्राफीतही नाही, फक्त एमआरआयमध्ये. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, एकच धोशा लावला, "कशाला जीव टांगणीला? ती बाजू काढूनच टाका."

आत्या म्हणाल्या, "आधी काय हाय ते तर कळू द्या. कळल्याबिगर काय बी काढायचं न्हाई."

डाग एमआरआयलाच दिसतोय, तर एमआरआयमध्ये बघूनच सुईने तुकडा घ्यावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ती सोय तेव्हा मोजक्याच ठिकाणी होती. म्हणून आम्ही मुंबई गाठली.

मशीनजवळ धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी, केसातले आकडे... सगळं काढून आत्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं. आत पालथं झोपायचं, जराही हलायचं नाही. आधी फोटो, मग बाहेर सरकवून सुई, सुई नीट जागेवर आहे का बघायला पुन्हा आत...

बाहेर आल्यावर मी विचारलं, "लई दुखलं का?"

"सुईचं काय न्हाई गं. मान तेवढी अवघडली."

तर ती मीटिंग. काम संपलं आणि आत्या उभ्या राहिल्या. मी हळूच त्यांचा पदर ओढला, "आत्या, रिपोर्ट चांगला आला की सांगू ना..."

"चांगला आल्यावर कुणी बी सांगंल," एवढं बोलून त्या बायकांकडे वळल्या. "मागं माझं पिशवीचं ऑपरेशन न्हवतं. छातीत कॅन्सर होता. आता दुसऱ्या बाजूचा तुकडा तपासाय दिलाय. काय निघंल ठाऊक न्हाई. पर तुमच्यात कुणाला गाठ लागत आसंल तर लपवू नका."

बायका खाली माना घालून एकेक करत उठून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी गटातल्याच हमीदाभाभी मागच्या दाराने आल्या. आत्यांचा हात धरून म्हणाल्या, "काकी, मला बी हाय. लई म्हैने झालं... घरात बोलले न्हाई."

दुसऱ्याच दिवशी आत्या त्यांना घेऊन दौंडला डॉक्टरांकडे गेल्या. स्वतःच्या छातीवरची पट्टी अजून निघाली नव्हती!

आत्यांचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. आप्पा ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले... "बरं झालं माझं ऐकलं न्हाईस," म्हणाले.

हमीदाभाभींना मात्र होता. पण वेळेत सापडला. उपचार खूप लांबले, केस गेले, पुन्हा आले... आज त्या नातवंडं खेळवतायत.

त्यानंतर कितीतरी बायकांना आत्या स्वतः एसटीत बसवून तपासणीला घेऊन गेल्या. अजूनही जातात.

पाटसमध्ये कुणी मला "तू कुणाची गं?" असं विचारलं, तर मी नवऱ्याचं नाव सांगत नाही. आत्यांची सून, एवढंच सांगते... पुरतं.