इथंच बस, मी आलोच

नर्स दाराबाहेर आली आणि तिने "शालिनी?" अशी हाक मारली. हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये आम्ही चार-पाच जण बसलो होतो. मी काही उठले नाही, कारण मला त्या नावाची सवयच नाही. तिने पुन्हा हाक मारली, हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे लक्षात आलं की ती मलाच बोलावतेय. मांडीवर ह्यांची बॅग होती, बॅगेवर ह्यांचा चष्मा. दोन्ही सांभाळत मी तिच्या मागून एका लहानशा खोलीत गेले. तिथे टेबलाच्या बरोबर मधोमध टिश्यूचा डबा ठेवला होता. तो पाहिला आणि कळलं. डॉक्टर नंतर काय काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी एवढंच मनात म्हणत होते, की आत जाताना तर म्हणाले होते, इथंच बस, मी आलोच...

माझे यजमान गेले त्याला आता दीड महिना होत आला. इथल्या मराठी मंडळाने लंडनच्या हाउन्सलो भागातल्या एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. पुष्कळ लोक आले. मुलगा, अमोल, अर्धं मराठीत अर्धं इंग्लिशमध्ये बोलला. बाबांनी विमानतळावर कार्गोमध्ये आयुष्य काढलं, आम्हाला शिकवलं, आणि आईला जग दाखवलं, असं म्हणाला. मागच्या पडद्यावर आमच्या क्रूझचे फोटो लावले होते. चहाच्या वेळी सप्रेवहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "भाग्यवान आहात हो! तुम्ही कॅरिबियन बघून आलात. आमच्या ह्यांनी मला इथल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यापुढे नेलं नाही." सूनबाई, स्नेहा, हळूच म्हणाली, "आई, तुम्ही बोलता का दोन शब्द?" मी नको म्हणून मान हलवली. चारचौघांत मला बोलता येत नाही, कधीच आलं नाही. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण फोटो बघताना जे मनात येत होतं ते दोन शब्दांत मावणारं नव्हतंच. ते आता इथे लिहितेय, माझ्यापुरतं.

माझं माहेर आटपाडीकडचं. तिथे मी हिरा होते. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं, शालिनी. ह्यांना इंग्लंडला यायचं होतं, बायकोचं नाव जरा शहरातलं हवं होतं. बायका म्हणाल्या, छान नाव ठेवलंस हो! ताटातले तांदूळ नंतर कुणीतरी गोळा केले आणि त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नाही. अगं. अगं चहा. अगं किल्ली कुठंय. मीही ह्यांचं नाव घेत नव्हते, पण आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत ते मानाने. ह्यांनी माझं का घेतलं नाही, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

दुसरं म्हणजे बाक. कौन्सिलच्या ऑफिसात, बँकेत, साउथॉलच्या बाजारात, कुठेही गेलो की दाराशी बाक शोधायचं, मला बसवायचं, बॅग माझ्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायचं, "इथंच बस, मी आलोच." आत काय चाललंय ते मला कळणार नाही असं ह्यांनी ठरवून टाकलं होतं. मी विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायच्या कामावर वर्षानुवर्षं गेले. सोबत पंजाबी बायका, गोरी सुपरवायझर. इंग्लिश मला सगळं कळतं. बोलायची लाज वाटते, एवढंच. पण लाज वाटणं आणि न कळणं यातला फरक घरात कुणी केला नाही, आणि मीही तो समजावत बसले नाही. बसायची मात्र इतकी सवय झाली की बॅग मांडीवर आली की मी आपोआप पाय जुळवून घेते.

ह्यांच्या पंचाहत्तरीला अमोलने क्रूझ बुक केली, साउदॅम्प्टनहून कॅरिबियन बेटांपर्यंत आणि परत. हे खूश झाले. "जन्मभर विमानांचा आवाज ऐकला, आता बोटीनं जाऊ," म्हणाले. बोटीवर चढतानाच घोळ झाला. बॅगा मशीनमधून गेल्या आणि आमची एक बाजूला काढली गेली. तिच्यात भात शिजवायचा छोटा इलेक्ट्रिक कुकर होता. आग लागू शकते म्हणून असली वस्तू बोटीवर चालत नाही. तो ह्यांनीच भरला होता. मी नको म्हणत होते, तर मलाच म्हणाले होते, "तुला काय माहीत, महिनाभर पाव खाशील का?" आता त्या अधिकाऱ्यापुढे हसून हे म्हणाले, "माय वाइफ, यू नो. शी डझन्ट अंडरस्टँड." अधिकाऱ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मीही हसले. काय करणार...

जेवायच्या टेबलावर आमच्याबरोबर इंग्लंडमधल्याच डर्बी गावचं एक जोडपं होतं, डेरेक आणि मार्गारेट. आमच्याच वयाचे, साधे, मोकळे. पहिल्या रात्री ह्यांनी ओळख करून दिली. स्वतःचं नाव सांगितलं, आणि माझ्याकडे हात करून, "माय वाइफ. व्हेरी शाय." मग माझं जेवणही ह्यांनीच मागवलं. त्या टेबलावर मी ह्यांना असं बघितलं की माझा विश्वास बसेना. हे विनोद सांगायचे. कार्गोमध्ये एकदा खोक्यातून माकड सुटलं होतं, ते साहेबाची टोपी घेऊन कसं पळालं, हे उभं राहून करून दाखवायचे. डेरेक डोळे पुसायचा. मी ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होते. ज्या दिवशी माकड सुटलं असेल, त्या दिवशी संध्याकाळी हे घरी आलेच असतील ना? मी पोळ्या केल्या असतील, ह्यांनी खाल्ल्या असतील. आणि मला काही सांगितलं नसेल.

बेटं यायला लागली. अँटिग्वाला आम्ही खाली उतरलो, दुकानापुढे फोटो काढले आणि परत आलो. सेंट लुशियाला हे त्या दोघांबरोबर बसने डोंगर बघायला गेले. "तुझे गुडघे," म्हणाले. मी केबिनच्या बाल्कनीतून डोंगर बघितला. हिरवागार होता. शोकसभेत पडद्यावर त्याच डोंगराचा फोटो होता. पुढे हे आणि डेरेक आणि मार्गारेट, आणि अमोल सांगत होता, आईला जग दाखवलं.

मला एकच गोष्ट हवी होती. आटपाडीच्या मुलीने समुद्र कुठे बघायचा? इथे ब्रायटनला गेलो होतो, पण थंडीत, बूट न काढता. मला एकदा पाण्यात पाय बुडवायचे होते. बार्बाडोसच्या आदल्या दिवशी हिंमत करून ह्यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, "एवढंच ना? उद्या नेतो की."

दुसऱ्या दिवशी बंदराबाहेर आलो, तर डेरेक म्हणाला इथलं क्रिकेटचं मैदान जवळच आहे. ह्यांचे डोळे असे चमकले! झाडाखाली एक बाक होतं. बॅग माझ्या मांडीवर आली. "इथंच बस, मी आलोच. अर्ध्या तासात. मग समुद्रावर." मार्गारेटला खरेदी करायची होती, ती दुकानांत गेली. मी बसले. झाडाची सावली बाकावरून सरकत सरकत निघून गेली, मी उन्हात आले, तरी हे आले नाहीत. जवळच एक बाई शहाळी विकत होती. तिचं माझ्याकडे बराच वेळ लक्ष असावं. शेवटी सुरी पुसत म्हणाली, "कोणाची वाट बघतेस, डार्लिंग?" मी म्हटलं, नवऱ्याची. मला समुद्रावर न्यायचं आहे त्याने. ती एवढ्या मोठ्याने हसली. "समुद्र काय नवऱ्याच्या खिशात आहे? तो बघ तिकडे, सरळ चालत जा."

मी उठले. आजही मला कळत नाही कशी उठले. गुडघे दुखत होते, पण गेले. दुकानं गेली, पूल गेला, पुढे वाळू आली. चपला काढून ह्यांच्या बॅगेत टाकल्या, साडी जरा वर धरली आणि पाण्यात उभी राहिले. पाणी थंड नव्हतं. बाळाला अंघोळ घालायला निववतो तसं, कोमट. पायाखालची वाळू सरकायची तशी मी हलायचे. शेजारी दोन म्हाताऱ्या बायका गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून टोप्या घालून गप्पा मारत होत्या. कुणी मला काही विचारलं नाही. मी किती वेळ उभी होते, माहीत नाही.

परत आले तेव्हा बाकावर हे बसले होते. ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, हे बाकावर आणि मी चालत येतेय. टोपी नव्हती, शर्ट भिजलेला, चेहरा पांढराफटक. मला बघून उठले. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील... ह्यांनी विचारलं, "बॅग कुठंय?"

बॅग माझ्या खांद्यालाच होती.

"पासपोर्ट आहेत त्यात! बोटीची कार्डं आहेत! अक्कल आहे का?" मग आत हात घातला, चपला निघाल्या. "आणि ही वाळू!" शहाळीवाली बघत होती. मी चपला पायात घातल्या आणि ह्यांच्या मागून बोटीकडे चालू लागले.

संध्याकाळी मार्गारेट माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "फार घाबरला होता गं तो. भर रस्त्यात ओरडत होता, शालिनी, शालिनी! पोलिसाला थांबवलं, दुकानांत शिरला. इतकं गोड नाव तुझं, आणि इतके दिवस आम्हाला माहीतच नाही!"

सगळ्या रस्त्याने ऐकलं. पोलिसाने ऐकलं, दुकानदारांनी ऐकलं, डर्बीच्या बाईने ऐकलं. मीच तेवढी नव्हते. मी पाण्यात उभी होते.

केबिनमध्ये आले तर हे बाल्कनीत बॅग उलटी करून झटकत होते. मी म्हटलं, "मला नावाने हाका मारत होतात म्हणे."

"मग काय करणार? ह्या लोकांना अगं म्हटलेलं कळणार आहे?"

"एकदा मारा ना."

"काय?"

"काही नाही," मी म्हटलं. पुन्हा म्हणायला हवं होतं का? मला नाही वाटत. मागून घेतलेली हाक काय ऐकायची. परतीच्या सगळ्या वाटेवर हे माझ्याशी कामापुरतंच बोलले. टेबलावर मात्र बार्बाडोसची गोष्ट रंगवून सांगायचे, बायको कशी हरवली. त्यातही मी "माय वाइफ"च होते.

घरी आल्यावर एकदा मी मुद्दाम ओ दिली नाही. स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत उभी होते. बाहेरून, "अगं... अगं ऐकतेस का? अगं ए!" मी गप्प. म्हटलं, बंदरावर नाव सापडलं होतं, इथेही सापडेल. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "बहिरी झालीस का? रिमोट कुठंय?" मी रिमोट दिला.

पुढे त्याच हिवाळ्यात एका सकाळी छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये चाकाच्या खाटेवरून आत नेताना ह्यांनी चष्मा काढून बॅगेवर ठेवला, बॅग माझ्याकडे दिली. माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं. ओठ हलले. मी पुढे वाकले. "अगं," म्हणाले, "हे धर. इथंच बस, मी आलोच." दार बंद झालं. नंतर नाव घेऊन आली ती नर्स.

बंदरावर हे घाबरले ते माझ्यासाठी, की पासपोर्टसाठी? हे मी रोज स्वतःला विचारते. कधी वाटतं, माणूस बॅगेसाठी एवढा पांढरा पडत नाही. कधी वाटतं, पडतो. सांगणारा माणूस गेला, आणि असता तरी त्याने सांगितलं नसतं.

स्नेहाने ह्यांचे कपडे चॅरिटी शॉपला नेले. बॅग मी दिली नाही. तिच्या शिवणीतून अजून वाळू निघते. दर शुक्रवारी ती घेऊन मी आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटला जाते. तिथेही दाराशी बाक आहे. मी आत जाऊन भाजी घेऊ शकते, पैसे देऊ शकते, सगळं येतं मला. तरी आधी त्या बाकावर बसते. बॅग मांडीवर, पाय जुळवून. परवा जरा जास्तच वेळ बसले असेन. दुकानात काम करणारी एक मुलगी, तिथल्या गणवेशातली, जवळ येऊन वाकली. "आर यू ओके, लव्ह? कोणाची वाट बघताय?"

तोंडातून निघून गेलं, "माय हजबंड. आत गेलेत."

"स्पीकरवरून हाक मारू का त्यांना? नाव काय त्यांचं?"

नाव ओठापर्यंत आलं. जन्मात कधी घेतलं नव्हतं ते. साऱ्या दुकानात ऐकू गेलं असतं. मी बॅग दोन्ही हातांनी जवळ ओढली.

"नको," मी म्हटलं. "त्यांनी मला इथंच बसायला सांगितलंय."