बाणाच्या शेपटीवरचं कुंकू

पेन्सिल्वेनियात ऑक्टोबर लागला की आमचं निम्मं गाव धनुष्यबाण घेऊन झाडावर चढून बसतं, हरणाची वाट बघत. मीही बसते. पुण्याला हे कळलं तेव्हा नातेवाइकांनी ‘शिव शिव’ केलं. त्यातले बरेचजण दर रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लावतात. बोकड झाडाला लागतो, अशी त्यांची समजूत असावी.

मला शिकार शिकवली शेजारच्या बाईने. वय सत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि तोंड असं की लष्करात कवायत घेणाऱ्या सार्जंटने खाली मान घालावी. तिचा नियम एकच होता: एका बाणात हरीण मरेल याची खात्री नसेल, तर घरी बसून टीव्ही बघ. बाण जरा वाकडा गेला तर तो पोटात लागतो, आणि ते जनावर दिवसभर रानात तडफडत फिरतं. म्हणून सगळे बाण एकाच वजनाचे हवेत. बोटावर आडवा तोलून धरला की बाणाचा तोल मध्याच्या थोडा पुढे, टोकाच्या बाजूला यायला हवा. शेपटी जड झाली की बाण भरकटतो. मी सोनाराकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि दर ऑक्टोबरात गॅरेजमध्ये बसून कणाकणाने वजनं जुळवू लागले. पीएचडी करताना इतकी काळजी घेतली असती तर तीसुद्धा वेळेत संपली असती.

एका वर्षी आई माझ्याकडे आली होती. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मधल्या काळात एका लग्नात मामी हळदीकुंकवाचं तबक घेऊन बायकांच्या रांगेतून फिरली आणि आईपाशी आल्यावर, न थांबता, पुढच्या बाईकडे गेली. काही बोलली नाही, उलट हसलीसुद्धा. तेव्हापासून आईने कुंकवाला हात लावणं सोडलं. देवाची पूजाही सोडली. मी फोनवर भांडले, “तो मामीचा बावळटपणा आहे, तुझा काय संबंध?” आई म्हणायची, “राहू दे गं, आता काय करायचंय.” मला मामीचा राग यायचाच, पण आईच्या त्या ‘राहू दे’चा जास्त यायचा. इथे आणलं तर विसरेल, असा माझा भाबडा हिशेब होता. तिने महिनाभर खिडकीत बसून माझ्या पार्किंगवर पहारा दिला.

शिकारीच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती, हे माझ्या गावीही नव्हतं. आमच्या घरी शस्त्रं म्हणजे स्क्रूड्रायव्हर, शिवणयंत्र आणि बाबांची स्कूटर. तिला हार घातला की दुसऱ्या दिवशी ती हटकून बंद पडायची. संध्याकाळी ऑफिसातून येऊन गॅरेजचं दार उघडलं तर चंदनाच्या उदबत्तीचा भपकारा. मी आठवडाभर बिनवासाच्या साबणाने आंघोळ करत होते, हरणांना माणसाचा वास येऊ नये म्हणून. टेबलावर माझे सहाच्या सहा बाण ओळीने मांडलेले. टिकावं म्हणून खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू शेपटीच्या पिसांवर थापलेलं, त्यात अक्षता रुतलेल्या, वर झेंडूच्या पाकळ्या. आई शेजारी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी काहीतरी होतं.

ते मला दिसायला हवं होतं. मला फक्त बाण दिसले.

“कशाला हात लावलास? तुला कुणी सांगितलं होतं?”

तिच्या बोटांना कुंकू होतं. तिने ती पदराला पुसली. “चुकलंच माझं,” म्हणाली. “माझा हात लागायलाच नको होता.”

मामीने न बोलता केलं होतं ते मी ओरडून केलं. सॉरी म्हटलं असतं तर तिने पुन्हा ‘राहू दे’ म्हटलं असतं, म्हणून मी एक बाण उचलून काट्यावर ठेवला. “हे बघ. काल सगळ्यांचा आकडा एक होता. आज हा वेगळा, हा वेगळा. ओरडले ती वजनासाठी. तुझ्या हातासाठी नाही.”

तिचा विश्वास बसला नाही. मग तिला मागच्या अंगणात नेलं आणि तोच बाण सरावाच्या गादीवर सोडला. वरातीत नाचणाऱ्या काकांसारखी शेपटी हलवत तो गेला आणि गादीची कड घेऊन गवतात पडला. अक्षता उडाल्या. आई एकदम हसली.

“अगं बाई! मग कुठे लावायचं?”

“टोकाकडे. तिथे थोडं चालतं. पण सगळ्यांना सारखं.”

आम्ही बाण धुतले, पुसले. ती पुढच्या बाजूला ठिपका लावायची, मी वजन करायचे. दोन बाणांनंतर काटा तिनेच ताब्यात घेतला. “हा जास्त झाला, पूस.” “नीट धर, हात काय हलवतेस?” वाटलं, असंच रात्रभर बोलणी खावीत.

तेवढ्यात शेजारीण आली, उद्याच्या आधी माझे बाण तपासायला. दारातच नाक मुरडून म्हणाली, या वासाने आता जिल्ह्यात एक हरीण उरणार नाही. मग तिला ठिपके दिसले. मी सांगितलं, हत्यारांची पूजा असते, माणसांनाही लावतात. ती लगेच आईसमोर जाऊन वाकली आणि कपाळ पुढे केलं.

आई थबकली. शेजारणीचाही नवरा गेलाय हे तिला माहीत होतं. पहिल्या भेटीत माझ्या दुभाषेगिरीतून दोघींचं बोलणं झालं ते त्यावरच. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं आणि त्या गोऱ्या, सुरकुतलेल्या कपाळावर नीट मधोमध कुंकू लावलं.

शेजारणीला वाटलं, हे परत करायचं असतं. तिने आपलं जाडजूड बोट वाटीत घातलं आणि आईचा चेहरा हनुवटीला धरून वर केला. आई मागे सरकली नाही. डोळे मात्र घट्ट मिटून घेतले. कुंकू लागलं ते कपाळाच्या कडेला, निम्मं भुवईवर, आणि तेल नाकावर ओघळलं. मी नीट करायला रुमाल घेऊन पुढे झाले.

आईने माझा हात झटकला. “पुसायचं नाही,” म्हणाली.