घरी नेले

कॉम्प्युटरने ‘धोका कमी’ असा निकाल दिला, तेव्हा आबांना एक वाक्यही एका दमात बोलता येत नव्हतं. खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून ते नुसता श्वास ओढत होते. ओठ निळसर पडलेले. वय सत्तरीच्या घरातलं, गाव दोंडाईच्याजवळचं, जन्मभर बिडी ओढलेली. दमेकरी छाती आणि त्यात आता न्यूमोनिया.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी फिजिशियन होते. आयसीयूत मोजक्याच खाटा, त्यातली त्या दिवशी एकच रिकामी. खाट कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी आमच्या सरांनी, म्हणजे मेडिकल डायरेक्टरांनी, एक अभ्यास काढला होता. जळगावहून चौधरी नावाचे प्रोग्रामर आले. त्यांनी आमचे जुने केसपेपर कॉम्प्युटरला भरवले. वय, श्वासाचा वेग, बीपी, रक्तातला युरिया आणि शेवटी पेशंटचं काय झालं ते. कोणत्या अवस्थेतला पेशंट दगावतो हे त्यावरून यंत्राने स्वतःच शोधायचं आणि नव्या पेशंटला धोक्याचे मार्क द्यायचे. याला आता मशीन लर्निंग म्हणतात. आम्ही ‘चौधरींचा प्रोग्रॅम’ म्हणायचो आणि चपला बाहेर काढून त्याच्या खोलीत जायचो. पेशंटांना पंखा, त्याला एसी.

“सर, आबांना आयसीयूत घेते.”

“मार्क किती?”

“कमी आहेत. पण पेशंट बघा ना.”

“डॉक्टर, दर वेळी तुम्ही आपलंच खरं केलंत तर अभ्यास कसला? आणि संध्याकाळी जास्त धोक्याचा पेशंट आला, तर त्याला कुठे ठेवू? जनरल वॉर्डात ऑक्सिजन लावा.”

मला राग आला. पण सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. खाट खरंच एक होती, आणि माझे अंदाज काही कधी चुकले नव्हते असं नाही.

वॉर्डात आबांचा मुलगा हिरामण उशाशी उभा होता. मी ऑक्सिजन वाढवला, इंजेक्शनं लिहिली. त्याने हळूच अहिराणीत विचारलं, “मॅडम, मंग आबाले घर लई जाऊ का? गाडी खालेच उभी शे.”

“घरी? कशाला?”

“तुम्हीन त्या मोठी खोलीमा लेत नही, म्हंजे आते काही राह्यनं नही. आमनाकडे बठ्ठा असंच करतस. शेवटला श्वास घरमा जावाले पाहिजे.”

तो रडत नव्हता. त्याच्या लेखी सगळं ठरून गेलं होतं. मलाही हे नवीन नव्हतं. उपाय थकले की नातेवाईक विचारायचे, आम्ही मान हलवायचो, सलाईन काढायचो. खाली जीप लागलेली असायची. केसपेपरवर ‘मयत’ लिहायची सोय नव्हती, कारण जीव आमच्याकडे गेलेला नसायचा. मग आम्ही ‘घरी’ एवढंच लिहायचो. आणि जो ठणठणीत होऊन जायचा, त्याच्यापुढेही ‘घरी’च लिहायचो.

हिरामणला म्हटलं, “मी येईपर्यंत त्यांना हलवू नका,” आणि चौधरींच्या खोलीकडे पळत सुटले. त्या दिवशी चपला काढायचं भान राहिलं नाही.

“चौधरी, शेवटच्या रकान्यात ‘घरी’ असलं की तुम्ही काय धरता?”

“बरा झाला.”

“दर वेळी?”

“मॅडम, माणूस हॉस्पिटलातून घरी गेला म्हणजे आणखी काय झालं असणार?”

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे पेशंट जितका वाईट...”

“तितका तो घरी. आणि तुमच्या हिशेबात तितका बरा.”

उतारवय, भरभर श्वास, वाढलेला युरिया, अशी माणसं सुखरूप घरी जातात, असं यंत्र शिकून बसलं होतं. आबा त्याच्या दृष्टीने उत्तम पेशंट होते!

सरांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. “खाट द्या,” म्हणाले. “अभ्यास आजपासून बंद.”

मी वॉर्डात पोचले तेव्हा आबांना घोंगडीत गुंडाळत होते.

“हिरामणभाऊ, गाडी परत पाठवा.”

“घर नही जावानं?”

“जायचंय. पण आत्ता नाही.”

पुढचे काही दिवस आबांनी आमच्या तोंडचं पाणी पळवलं. मग ताप उतरला, धाप थांबली. एका सकाळी त्यांनी बिडी मागितली तेव्हा मला इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं.

यंत्राला मी आजही दोष देत नाही. आम्ही लिहिलं तेच ते शिकलं. जे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, ते लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. अभ्यास पुन्हा सुरू करताना केसपेपरवर मी एक प्रश्न वाढवायला लावला: पेशंट गाडीतून कसा गेला, बसून की निजून? सर हसले, पण त्यांनी तो छापून घेतला.

आबांना सोडलं त्या दिवशी हिरामणने जीपच्या मागच्या बाजूला घोंगडी अंथरली होती. आबा त्याच्यावर खेकसले, “मांगे कोन झोपी? मी पुढे बससू.”

मी केसपेपरवर लिहिलं, ‘बसून’.